भुलीच्या पाण्यात सोडा घालू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक डॉ. राजन मुळगुंद,
मत्स्य संशोधन केंद्र,
खोर फक्कान, शारजा

विषय: शस्त्रक्रियेपूर्वी माशांना त्रास न होता भूल देण्यासाठी खाण्याचा सोडा मंजूर होणे व तो वापरल्याबद्दलचा मेमो रद्द होणे.

संदर्भ: आपला मेमो, 'प्रयोगशाळेत अनधिकृत खाद्यपदार्थ आणणे'.

महोदय,

अर्जदार या केंद्राची पशुवैद्य आहे. इंग्रजीत पाठवलेल्या ईमेलना उत्तर आले नाही. येथील मराठी मंडळाच्या मेळाव्यात "आपण आपल्या भाषेत लिहिलं पाहिजे," असे आपण माइकवरून बजावलेत, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत अर्जदारही होती. म्हणून हा अर्ज मराठीत.

१. आपल्या टाक्यांत समुद्राचे गोडे केलेले पाणी असते. त्यात भुलीची पूड पडली की ते आंबट होते. तिलापिया मासा झोपण्याआधी तडफडतो, कल्ले झोंबून टाकीबाहेर उड्या घेतो. पुडीबरोबर मापाने सोडा घातला की आंबटपणा जातो आणि मासा शांतपणे कलंडतो. एवढेच. यात अध्यात्म नाही.

२. अर्जदारास बाजी, म्हणजे ताई, म्हणणारे भांडारप्रमुख तहाभाई यांनी सोड्याची मागणी परत केली. "बाजी, ये तो किचन का आयटम है. लॅब में नहीं आएगा, खलास." मीठही किचनचेच, आणि ते गोण्यांनी येते, हे अर्जदाराने सांगून पाहिले. "नमक लिस्ट में है, बाजी." तेव्हा अर्जदाराने घरचा सोड्याचा डबा आणला. डब्यामागोमाग मेमो आला.

३. अर्जदाराचा आवाज मुळात बारीक, त्यात माशांच्या त्रासाचा मुद्दा मांडला त्या नीतिसमितीच्या बैठकीत एसीची घरघर. तरी आपण म्हणालात ते तिला स्वच्छ ऐकू आले: "मॅडम, मत्स्यावतारावर फार भक्ती दिसते तुमची!" हशा झाला. इतिवृत्तात त्या मुद्द्याची 'धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार' अशी नोंद झाली आणि शस्त्रक्रियेच्या दर दिवशी अर्जदारास उपवासाची रजा मंजूर झाली. या कनवाळूपणाबद्दल आभार. अर्जदार रजेवर गेल्याने माशाचे दुखणे कसे थांबते, तेवढे लिहायचे राहिले.

४. नम्र खुलासा असा की, अर्जदार रोज स्तोत्र म्हटल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी कडक पाळते. मात्र ती सारस्वत आहे. उरलेल्या वारांना तिच्या घरी सुरमई तळली जाते आणि ती मागून वाढून घेते. मासा खाणे वेगळे आणि जिवंत माशाला आंबट पाण्यात छळणे वेगळे, हे तिच्या सासूबाईंनाही कळते. त्या समितीवर नाहीत, हे केंद्राचे नुकसान. शस्त्रक्रियेआधी माशांनाही उपाशी ठेवतात. त्या उपवासाला समितीने बिनविरोध मान्यता दिली, कारण त्याला काही सामान लागत नाही.

५. येत्या मंगळवारी माशांच्या नव्या तुकडीची शस्त्रक्रिया आहे आणि अर्जदारास रजा आहे. मंगळवारी तिचा उपवास नसतो. ती रजा अर्जदार आदरपूर्वक नाकारत आहे. मंजुरी येवो न येवो, त्या दिवशी भूल तीच देईल, सोडा घालूनच देईल, आणि तसे लिहून खाली सही करील. दुसरा मेमो आधीच छापून ठेवल्यास ऐनवेळी कुणाची धावपळ होणार नाही. नोकरी गेली की व्हिसाही जातो, हे अर्जदारास ठाऊक आहे. घरी सांगून झाले आहे.

तरी आपण योग्य वाटेल ते करावे. मंगळवारच्या आत करावे.

मंगळवारी हजर असणारी,
डॉ. अनुपमा वेर्लेकर
पशुवैद्य

खोर फक्कान, गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) मेमोची प्रत.
२) सोड्याविना केलेल्या भुलीच्या पाण्याची सीलबंद बाटली, समितीने तपासण्यासाठी. उघडताना चष्मा लावावा. डोळ्यांत गेल्यास झोंबते. माशांना पापण्या नसतात.