जाळीच्या मशीनची थरथर

३ मार्च

पातं तुटलं. पुन्हा! कपाटाच्या दाराची लाकडी नक्षीची जाळी कापत होते, शेवटचं वळण, आणि टक् — गेलं. मशीन अशी हादरते की रेघेवरून लाकूड फिरवणं म्हणजे धावत्या गाडीत सुईत दोरा ओवणं.

त्यात वहिनी वरच्या घरातून कारखान्यात उतरली. नाकाला रुमाल. "वन्सं, बाबांचा पलंग हलतो हो. म्हातारा जीव, सोसत नाही त्यांना."

सोसत नाही! हा कारखाना बाबांनीच उभा केला. अख्खा जन्म करवत चालवली. आम्ही त्या खरखरीत झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. आता तर कानही गेले, आणि माझी मशीन सोसत नाही?

४ मार्च

दादा आला. उभ्याउभ्या निकाल. "रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर मशीन बाहेर. मला गाडी लावायला जागा हवीच आहे."

हवीच आहे! कळलं खरं दुखणं.

"बाबा बोलले तुला?" मी विचारलं.

"बोलायला कशाला हवं? दिसतं ना."

वर जाऊन विचारणार नाही. मुळीच नाही. सांगायचं होतं तर मुलीला हाक मारायची. निरोप कसले धाडता?

५ मार्च

मशीनवर पाण्याचा पेला ठेवून बटण दाबलं. निम्मं पाणी बाहेर!

स्टँडचा एक पाय अधांतरी. त्याखाली पत्र्याचा तुकडा सारला, सगळे बोल्ट आवळले, चारी पायांखाली जुन्या टायरचं रबर. मग खालच्या फळीवर वाळूची पोती — एकटीने ओढली. दादा गॅलरीतून बघत होता. बघू दे! पाठ मोडली, पण हाक मारली नाही.

पाणी आता सांडत नाही. नुसतं डुचमळतं.

६ मार्च

"अजून हलतंय म्हणे." — वहिनी. तिच्या या 'म्हणे'ने माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी सापडलं. मशीन सरकू नये म्हणून स्टँड लोखंडी पट्टीने भिंतीतल्या खांबाला जखडलाय. आणि तोच खांब वरच्या लाकडी जमिनीला टेकू देतो! इथली थरथर सरळ बाबांच्या पलंगात. पट्टी कुणी ठोकली? दादाने! वर मलाच दम!

बोल्ट गंजलेले. पाना सटकून बोटं सोलली. शिव्या घातल्या — मशीनला, दादाला, बाबांनासुद्धा. काढलीच पट्टी. स्टँड हातभर पुढे ओढला.

पेल्यातलं पाणी जेमतेम शहारलं.

७ मार्च

जाळी पुरी झाली. वळण एका दमात, कड कुठे खरबरीत नाही. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बघणार कोण? ज्यांना कळतं ते वर तोंड फिरवून बसलेत.

८ मार्च, रविवार

सकाळपासून मशीन चालू. दादा जागा रिकामी करून घ्यायलाच आला होता. मी पेला दाखवला. तो वर गेला.

थोड्या वेळाने वहिनी धावत आली. "वन्सं, वर चला. बाबा कालपासून नीट जेवले नाहीत. आता तर खाली यायचं म्हणून हट्ट धरलाय. आम्हाला आवरत नाहीत."

तशीच गेले, भुश्याने माखलेली. बाबा पलंगाच्या काठावर. अनवाणी तळवे जमिनीवर घट्ट दाबलेले. मला बघून ओरडले, बहिरं माणूस ओरडतं तसं —

"काढून टाकलं तुला?"

मी मानेनेच नाही म्हटलं. मशीन चालू आहे, हाताने दाखवलं. पटेना.

"मग थरथर लागत का नाही? रोज पलंगात लागायची. तू आलीस, बसलीस, पातं बदललंस — सगळं कळायचं. परवापासून काहीच नाही! तेवढंच तर होतं मला!"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "तुम्हाला त्रास होतो म्हणून बंद केली थरथर!"

"कोण म्हणालं?"

मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. वहिनी दादाकडे बघत होती.

असा संताप आला! बाबांचे पाय पुसले, पलंगावर घेतले, आणि मी खाली उतरले.

९ मार्च

बाबांचा पलंग कारखान्यात आणला, मशीनशेजारी. एक बाजू मी धरली, दुसरी वहिनीने. दादाला विचारलं नाही.