नवव्या दिवसाचं हसू

॥ श्री ॥

कळंबा, कोल्हापूर
८ जानेवारी २०२५

ती. स्व. बाळाबाई अक्का यांस,
विजयसिंहचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. उचलला असता तरी मला बोलता आलं असतं असं नाही. पूर्णिमा होती तेव्हा तुमच्याशी बोलायचं काम तिचंच होतं. मी मागून, अक्कांना नमस्कार सांग, एवढं म्हणायचो.

घरी ठीक आहे. म्हणजे दोन वेळचं जेवण होतं. इरावती सकाळी अकरावीच्या क्लासला जाते, दुपारी आली की चपात्या करते. आधी जाड व्हायच्या, आता बऱ्या होतात. आमटी मी करतो. ती नावं ठेवत नाही. काहीच म्हणत नाही. हो किंवा नाही, एवढंच.

तुम्ही ज्या कारणानं रागावून गेलात, त्याबद्दल लिहायचं आहे. नाताळचा दिवस, पूर्णिमा जाऊन नववा. बाहेर सोप्यात शिवाजी पेठेतली आमची मंडळी भेटायला आली होती, तुम्ही त्यांच्यात बसला होता. आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. तुम्ही आत आलात तर पहिल्या दिवशी टीव्हीवर तुम्हीच टाकलेली चादर खाली पडलेली, टीव्ही चालू आणि इरावतीच्या हातात रिमोट. तिला हाताला धरून तुम्ही बाहेर आणलंत. सगळ्यांसमोर म्हणालात, की आईची राख निवली नाही तोवर ही पोरगी खिदळते, असली निर्दय पोर माझ्या दारात नको, इथून पुढं सुट्टीला यायचं नाही आणि मला मावशी म्हणायचं नाही.

अक्का, ती हसली नव्हती. हसलो तो मी.

ती अंतराळातली इंग्रजी मालिका तुम्हाला माहीत असेल, हिंदीतून लागते. घरात आम्ही तिला नुसतं ‘यान’ म्हणतो. दर नाताळाला तिचा एक वेगळा, मोठा भाग येतो. पूर्णिमा त्या दिवशी शाळेतून रजा घ्यायची आणि मायलेकी भडंगाचं पातेलं मधे ठेवून बसायच्या. मी त्यांच्यात कधी बसलो नाही. सोप्यात पेपर वाचत, आवाज कमी करा, म्हणायचो.

त्या दिवशीही मी आत गेलो तो बंद कर म्हणायलाच. इरावती म्हणाली, की आई वर्षभर याची वाट बघत होती, कुणीतरी बघायला पाहिजे. मी उभ्यानं बघायला लागलो, मग कॉटवर बसलो. आणि एका ठिकाणी मला हसू फुटलं. इतका पोरीसारखा, चिरका आवाज निघाला, की तो माझा आहे हे मलाही क्षणभर कळलं नाही. हसून डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही ते पाणी पाहिलंत आणि सोप्यात सांगितलंत, की बाप आत रडतोय आणि पोरगी हसतेय. मी मागोमाग येऊन खाली मान घालून बसलो. इरावतीनं माझ्याकडे एकदाच बघितलं. माझं नाव घेतलं नाही.

आणखी एक. हसता हसता मी स्वयंपाकघराकडे वळून पूर्णिमाला हाक मारणार होतो, हे बघायला ये म्हणून. तेवढा वेळ ती गेलेली मी विसरलो होतो. हे इरावतीलाही सांगितलेलं नाही.

तिला आता तुमच्याशिवाय बाईमाणूस नाही. तिला एक फोन करा. माझ्यावरचा राग राहिला तरी चालेल, पोरीवरची माया आटू देऊ नये.

आपला,
विजयसिंह

*

राधानगरी
संक्रांत, १४ जानेवारी

रा. रा. विजयसिंहराव यांस,
बाळाबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. सातवी सुटल्यापासून कुणाला एवढं लिहिलं न्हाय, तवा अक्षर लावून वाचा. यंदा तिळगूळ न्हाय, ते काय सांगायला नको.

पावणं, खोटं लिहायला बी जमावं लागतं. तुमास्नी जमत न्हाय. लग्नात पुनीनं नाव घेतलं तवा अख्खा मांडव हसला, तुम्ही आपलं पोलीस चौकीत बसवल्यागत पाटावर बसलेला. आमच्या भावकीतल्या हंबीररावांनी जेवताना तुमची एवढी टिंगल केली, पण तुमच्या मिशीचा केस हलला न्हाय. मी तवाच आईला म्हणाले हुते, जावई चांगला हाय पण बिघडलेल्या घड्याळागत हाय. वीस वर्सांत तुमचा दात मला दिसला न्हाय. आणि बायको जाऊन नऊ दिस झालं तवा तुम्ही टीव्ही बघून हसलासा? पोरीवर पांघरूण घालायला बाप काय बी लिहील. त्याबद्दल मी तुमास्नी नावं ठेवत न्हाय. पण तुमचं डोळं मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.

माझं बोलणं जास्तीचं झालं आसंल. पण पुनी माझी नुसती धाकटी भण नव्हती. आई शेतात जायची तवा ती माझ्या कडेवर असायची, माझी शाळा तिच्यापायीच सुटली. तिच्या दिवसांत त्या घरात कुणी हसावं, हे मला सोसत न्हाय.

आणि खरंच तुम्ही हसला आसशीला, तर मला सांगा की. काय हुतं त्यात एवढं हसण्यागत? माणूस उगंच हसत न्हाय, आणि तुम्ही तर न्हाईच न्हाय.

तब्येत सांभाळा. पोरीला आमटीत भात कालवून तरी खायला घालत जावा, तिला चपाती उतरत न्हाय. राग हाय म्हणून काळजी न्हाय आसं समजू नये.

बाळाबाई

*

॥ श्री ॥

कळंबा
१८ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिल्या मासिक श्राद्धाला तुमची वाट पाहिली. इरावती दोनदा दारात जाऊन आली. कुणाला बघतेस, असं विचारलं तर कुणाला नाही म्हणाली.

काय हसण्यासारखं होतं ते सांगतो. मला गोष्ट सांगता येत नाही, समजून घ्या. अंतराळात एक ठाणं असतं, बेटासारखं, त्यात माणसं वर्षानुवर्षं राहिलेली असतात. ते ठाणं एका ताऱ्यात पडून जळणार असतं, नेमकं नाताळच्या दिवशी. सगळे छोट्या यानात जाऊन बसतात. थोडीच मिनिटं उरलेली असतात. कप्तान एक वयस्क बाई आहे. ती सगळ्यांत शेवटी निघते. दार ओढते, कुलूप लावते, ओढून बघते. यानात येऊन बसते. मग पुन्हा उठते, परत जाते आणि कुलूप पुन्हा ओढून बघते. आत सगळे ओरडत असतात. एवढंच आहे.

मी काय म्हणतोय ते तुमच्या ध्यानात आलं असेल. देवळात जायचं असो की तुमच्याकडे यायचं असो, आम्ही दोघं रिक्षात बसलेले आणि पूर्णिमा परत फाटकात, कुलूप ओढून बघायला. एकदा रंकाळ्यापर्यंत गेलेली रिक्षा तिनं माघारी फिरवली होती. रिक्षावाला माझ्याकडे बघायचा, मी रस्त्याकडे बघायचो. बोलायचो नाही, पण मला राग यायचा. तो राग सगळा आता माझ्या अंगावर येतो. त्या दिवशी मात्र ती कप्तान परत गेली आणि राग यायच्या ऐवजी हसू आलं. का, ते मला सांगता येणार नाही.

लोकांना तो भाग अजिबात आवडलेला नाही. इरावतीच्या फोनवर जगभरातून लोक त्याविषयी लिहितात, त्यातलं थोडं तिनं मला वाचू दिलं. जळणाऱ्या घराला कुलूप कोण लावतं, लिहिणाऱ्याला अक्कल नाही, इतका टाकाऊ नाताळ कधी झाला नव्हता, कप्तानला म्हातारचळ लागलाय, तिला बदला. असं हजारो लोकांचं म्हणणं. आणि इरावती एकटी त्यांच्याशी भांडते. जेवतानाही डावा हात फोनवर. काय लिहिलंस विचारलं, तर फोन उलटा ठेवला. आमच्याशी भांडता येत नाही म्हणून तिकडे भांडत असावी.

मी हसलो ही चूक असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. पण ती चूक मी पोरीच्या अंगावर राहू दिली. ती मला रोज ताट वाढते, तेव्हा मला ते आठवतं.

लोभ असावा असं कुठल्या तोंडानं लिहू? तिच्यावर असावा.

आपला,
विजयसिंह

*

राधानगरी
२५ जानेवारी

रा. रा. विजयसिंहराव यांस,
बाळाबाईचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून नातवाला म्हणाले, दाखव ते यान. घरात रेंज न्हाय, म्हणून सांजच्याला दूध संस्थेत गेलो. तिथं दूध घालायला आलेली माणसं आमच्याभोवती गोळा झाली. जोतीरामनं इचारलं, की त्या यानात म्हशी कुठं दिसत न्हाईत, मग ही माणसं चहा कशाचा पित्यात. बनाबाईला ती कप्तान आमच्या चेअरमनबाईगत वाटली, सगळ्यास्नी कामाला लावती आणि आपण हात मागं बांधून फिरती. कुलपाचं आलं तवा हंबीरराव म्हणालं, एवढा जीव हाय तर किल्ली शेजारी द्यायची. त्यावर सगळी हसली, पण ती हंबीररावांच्या बोलण्याला. त्या बाईला कुणी हसलं न्हाय.

मी बी न्हाय. मी बादली तिथंच ठेवून भाईर आले आणि भिंतीला धरून उभी ऱ्हायले. पुनीच ती, पावणं. परत जातानाचं चालणं सुदिक तिचंच. मागनं कुणी तरी इचारलं, बाळाबाई काय झालं? मी म्हणाले, डोळ्यात केर गेला.

आता पटलं मला. तुम्हीच हसलासा.

पण आता तुमचा राग येतो, आणि तो हसल्याचा न्हवं. भरल्या घरात मी पोरीला बोलले आणि तुम्ही मांडीवर हात ठेवून ऐकत बसलासा. आता माझ्या एकटीला पत्र लिहून मोकळं हुणार व्हय? माणसांत गप बसलासा, माणसांतच बोला. फुडच्या मासिकाला तीच मंडळी येतील. मला यायला जमणार न्हाय, म्हस व्यायला झाल्या. आणि मी आसले तर तुम्ही बोलायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसशीला. पोरीशी माझं काय ते मी बघंन. माझी जीभ माझीच हाय, तिनं केल्यालं मलाच निस्तरायला पाहिजे. अजून फोन हातात घेते आणि खाली ठेवते.

भिऊ नका. तुमचं वाईट चिंतणारी मी न्हाय.

बाळाबाई

*

॥ श्री ॥

कळंबा
१८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

म्हैस व्यायली असेल. रेडी झाली की रेडा, ते कळवा.

शुक्रवारी मासिक झालं. पंगत उठल्यावर मी सोप्यात उभा राहिलो. सगळे बघायला लागले. मला काही तरी हवंय असं वाटून एकानं पानाचा डबा पुढं केला. मी सांगितलं, की त्या दिवशी घरात हसलं ते इरावती नव्हे, मी हसलो होतो. कशाला हसलो, तेही सांगितलं.

मला वाटलं होतं, लोक उठून जातील. तसं काही झालं नाही. गणपतरावकाका म्हणाले, की दुःखात माणसाचा तोल जातो, मनाला लावून घेऊ नका. कुणी पाठीवरून हात फिरवला. कुणी म्हणालं, हसलात ते बरंच झालं, नाही तर आतल्या आत कुढला असता. पूर्णिमाचं कुलूप आठवून बायका हसल्यासुद्धा, मग डोळे पुसले. चहा यायच्या आत मला सगळी माफी मिळून मंडळी फुटबॉलवर आली होती. इतकं सोपं होतं ते, अक्का. आणि त्याच माणसांमधून ती पोर दोन महिने खाली मान घालून जात होती.

मग इरावती चहा घेऊन आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून तिनं सगळ्यांना विचारलं, की बाबा हसले तर ते दुःख आणि मी हसले असं वाटलं तर तो निर्लज्जपणा, हे कसं काय? मोठ्यानं नाही विचारलं. काकांनी कपात बघितलं आणि म्हणाले, की लहान तोंडी मोठा घास घेऊ नये.

या वेळी मी बोललो. नीट बोललो नाही. तिचं बरोबर आहे, ती विचारते ते बरोबर आहे, असं दोन-तीनदा तेच म्हणालो आणि तिच्यापुढं हात जोडले. त्याबरोबर सगळ्यांनी एकच गिल्ला केला, की बापानं लेकीपुढं हात जोडायचे नसतात. तिनं माझे हात धरून खाली केले. मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, की त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर तेवढ्यानं झालं असतं. मग ती आत गेली.

त्या दिवशीचा शब्द आता कितीही मोठ्यानं बोललो तरी त्या दिवशी ऐकू जाणार नाही.

तेव्हापासून ती बोलते. गोड बोलत नाही, पण बोलते. आमटीला चव नाही, टाकी वाहून गेली, शाळेत आईची पेन्शन विचारायला अजून का गेला नाहीत, असं दिवसभर चालू असतं. मी ऐकून घेतो. घरात आवाज असला म्हणजे बरं वाटतं.

तुमचा फोन आला होता, हे तिनं काल सांगितलं. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बोलून झाल्यावर बराच वेळ ती नळ सोडून तोंड धूत होती. शनिवारी सकाळच्या राधानगरीच्या गाडीनं ती तुमच्याकडे येते आहे. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाली. तुमच्या दारापर्यंत तिला एकटीला चालत यायचं आहे, तेव्हा स्टँडवर कुणाला पाठवू नका. तिथं ती माझ्याविषयी काही बोलली तर पुरतं बोलू द्या. माझी बाजू घेऊ नका.

आज बॅग भरताना तिनं विचारलं, की रविवारी परत यायला शेवटची गाडी किती वाजता. मी सांगितलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, की गाडीला गर्दी असते, आणायला तुम्ही आलात तरी चालेल.

तर रविवारी येतो. दारात उभं करून घ्यावं, ही विनंती.

आपला,
विजयसिंह