सगळ्यात देखणी सही

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस, की तो अजून कपाटाच्या दाराला लटकतोय? (उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते.) मी बरी आहे. दात सोडून सगळं जागेवर आहे.

तुला त्रास देणार नव्हते, पण प्रकरण सह्यांचं आहे, आणि मुख्याध्यापिका असताना प्रगतिपुस्तकावरच्या वडिलांच्या खोट्या सह्या तू जशा लांबूनच ओळखायचीस, तसं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. झालं असं, की इथल्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनाला मी बाबांचा पाकिटांचा आल्बम द्यायचं कबूल केलं. आठवतं ना, विमानतळाच्या पोस्टात बाबा खिडकीवर असायचे, नव्या विमानाची चाचणी असली की पाकिटावर त्या दिवसाचा शिक्का मारून वैमानिकाकडे द्यायचे, तो ते खिशात घालून उडायचा आणि खाली उतरला की त्यावर सही करायचा. शाळा सुटल्यावर आपण दोघी त्या खिडकीशी बसून गृहपाठ करायचो. (म्हणजे तू करायचीस. मी पेन्सिलीचं टोक खायचे.)

मंडळात सह्या तपासायला एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात, कारण चहाच्या कपातही ते आधी भिंगातून बघतात. त्यांचं म्हणणं एकच : खरी सही कुरूप असते. जीव मुठीत धरून नुकताच उतरलेला माणूस विमानाच्या पंखावर पाकीट टेकवून घाईत सही ठोकतो, त्याचं अक्षर धड कसं येणार? नक्कल करणाऱ्याला मात्र वेळच वेळ असतो. (आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी हे ऐकलं असतं, तर भिंगकाकांना पट्टी मारून अक्षर गिरवायला बसवलं असतं.) बाबांची वाकडीतिकडी पाकिटं पटापट पास झाली. मधल्या पानावरचं, चंदेरी कोपऱ्यांत बसवलेलं, चाचणीची विमानं उडवणाऱ्या त्या कॅप्टनच्या सहीचं पाकीट मात्र त्यांनी बाजूला काढलं. "बाई, ही फारच देखणी आहे हो," असं ते अगदी दुखवट्याच्या आवाजात म्हणाले. आणि एक जरी खोटं निघालं, तरी अख्खा आल्बम परत, असा मंडळाचा नियम. ताई, ज्या बाबांनी आयुष्यात पोस्टाची टाचणीसुद्धा घरी आणली नाही, ते खोट्या सह्या जमवणारे ठरणार? मी तिथेच रडले असते, पण डोळे पुसायला हाताशी फक्त पाकिटं होती.

तेव्हा मी खुद्द कॅप्टननाच गाठलं. हो, आहेत! पेट्रोल पंपामागच्या गल्लीत राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, कानाला यंत्र लागलंय, आणि एके काळी आवाजाच्या पुढे धावणारा हा माणूस आता स्कूटर अशी चालवतो, की मागे बसून मी स्वेटरचा गळा विणून काढला. मंडळात भिंगकाकांनी त्यांना नमुन्यादाखल सही करायला सांगितली. हात थरथरतो बिचाऱ्यांचा, दोनदा थांबून केली. भिंगकाकांनी भिंग लावलं आणि मान हलवली.

"ही पटत नाही. अडखळत केलीय, नकलेसारखी."

"अहो, पण करणारा मी आहे!"

"तुम्ही असाल. सही नाही."

मग कॅप्टननी ते देखणं पाकीट हातात घेतलं. नावाखालच्या रेघेवरून बोट फिरवलं. "ही माझी," ते शांतपणे म्हणाले, "तरुण होतो, हात छान चालायचा." माणूसच म्हणतोय म्हटल्यावर भिंगकाकांनी भिंग खिशात ठेवलं. आल्बम पास! मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. (मारली नाही. लोक होते.)

परतताना स्कूटरवर त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी इंजिनानं पेट घेतला होता आणि उतरल्यावर त्यांचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते. पाकीट बाबांकडे परत गेलं ते कोरंच. नावाखाली पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ आणि टिंबाच्या जागी इवलंसं वर्तुळ, हे काही वैमानिकाचं काम नव्हे, ही कॉन्व्हेंटची मुलगी. पोस्टाच्या खिडकीशी अशा दोघी असायच्या, म्हणाले, त्यातली एक पेन्सिल खायची.

उरली कोण, ते शोधायला भिंग लागत नाही.

मी तुला काहीच विचारत नाही. फक्त बाबांनी ते पाकीट मधल्या पानावर, चंदेरी कोपरे लावून का ठेवलं, ते मला आत्ता कळलं. आपल्या दोघींचं अक्षर त्यांच्याइतकं कोण ओळखत होतं?

तुझी,
पेन्सिल खाणारी

ता. क. प्रदर्शनात कॅप्टन आल्बमशेजारी बसणार आहेत. लोक सही मागणार, भिंगकाका तिथेच उभे असणार, आणि यांच्या हातची सही तर आधीच खोटी ठरलेली. तेव्हा त्या मूळ सहीच्या बाईंना शेजारी येऊन बसता येईल का, असं त्यांनी विचारलंय. पट्टा लावून ये.

आणखी एक. खोटी सही करणाऱ्या मुलांना तू वर्गाबाहेर उभं करायचीस, हे मी त्यांना सांगून टाकलं. इतके हसले, की यंत्र कानातून पडलं.

हे खरंच शेवटचं. तुझं लग्न झालं का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानंतर स्कूटर जी सुटली, ती घरी येईपर्यंत मी डोळे मिटून त्यांचा कोट घट्ट धरून बसले. विणायची एक सुई अजून सापडलेली नाही.