सात लोखंडी काठ्या आणि पोळ्याची झूल

३ एप्रिल २०१६, रविवार

साडू पुण्याहून आले ते खांद्यावर गोल्फची बॅग घेऊनच. जुन्या बाजारात मिळाली म्हणे. आत लाकडी डोक्याची एक मोठी काठी आणि तीन ते नऊ नंबरच्या सात लोखंडी. लाकडीच्या डोक्यावर लोकरीची खोळ आहे, लोखंडी सातजणी उघड्या. हा अन्याय मला पहिल्या नजरेत दिसला. बाकी कुणाला दिसला नाही. चेअरमन आणि सभासद यांच्यात फरक असतो तो हाच.

साडू तिथल्या एका गोल्फ क्लबात बागेचे सुपरवायझर आहेत. दूध संघाचे एम.डी. साहेब दर बुधवारी तिथे खेळतात आणि त्यांच्यात एक माणूस कमी पडतो. साडूंनी माझं नाव लावलं. तारीख २७ एप्रिल. भर बुधवारी सकाळी सातला मोकळा असणारा माणूस! याला म्हणतात अधिकार.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून सराव.

४ एप्रिल, सोमवार

साडेआठला उठलो. पंखा बंद होता, झोप लागायला उशीर झाला.

रामकिसन आला. हा आमच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. जनावरांच्या छावणीचा अर्ज लिहून आणला होता. सभासदांची एकशे ऐंशी जनावरं, कडबा संपत आलेला, विहिरी आटलेल्या. अर्ज तहसीलला द्यायची मुदत २९ एप्रिल. म्हणाला, साधा अर्ज हाय चेअरमन, सही करा, उद्याच्या गाडीनं नेऊन देतो.

साधे अर्ज साधी माणसं देतात. एम.डी. साहेबांची शिफारस असलेला अर्ज ही वेगळी चीज. मोठी कामं ऑफिसात होत नसतात, मैदानावर होतात. हे साडूंनी स्वतः ऐकलेलं आहे. सही केली आणि अर्ज माझ्याकडेच ठेवून घेतला. रामकिसन डोकं खाजवत गेला.

वच्छलाबाईलाही समजावलं. ती माझी पत्नी, शिवाय संस्थेची व्हाइस चेअरमन. महिलांची राखीव जागा भरायची होती म्हणून. नावापुरती. ती म्हणाली, लोकं दावणीची जनावरं मातीमोल देऊन यायलेत बाजारातून, आन तुमी काठ्या पुसा.

काठ्या पुसल्या.

७ एप्रिल, गुरुवार

पालीच्या धरणात सराव. धरणात सध्या मैदान आहे. गाळ वाळून भेगा पडल्यात. पाच चेंडू मारले, पाचही भेगांत गेले. या खेळात चेंडू भोकात जाणं चांगलं मानतात. त्या हिशेबानं पहिल्याच दिवशी पाचपैकी पाच.

भेगांमध्ये काठी घालून चेंडू शोधत होतो तर आठ-दहा माणसं गोळा झाली. त्यांना वाटलं पाणाड्या आलाय. एकानं विचारलं, हितं लागंल का पाणी? माणसाची उमेद मोडू नये म्हणून हो म्हणालो. त्यांनी लगेच कुदळी लावल्या. माझा एक चेंडू निघाला, पाणी नाही.

उद्यापासून सरावाची जागा बदलणे.

१० एप्रिल, रविवार

सराव नाही. विचार चालू आहे. प्रश्न मूलभूत आहे: लोखंडी काठ्यांना खोळ हवी की नको?

हवी. एक तर सातजणी बॅगेत एकमेकींवर आपटतात. मोटरसायकलवरून जाताना भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण चालल्यासारखा आवाज येतो. चेअरमनला ते शोभत नाही. दुसरं, पोचे पडतात. तिसरं, बिनखोळीची वस्तू कुणाचीही असू शकते, खोळ असली की मालक दिसतो.

नेकनूरला इसाक मेकॅनिकला विचारलं. लोखंडातलं त्याला कळतं. तो म्हणाला, चेअरमनसाब, लोखंडाला कपडा कावून घालता? कपडा वल धरतो, लोखंड गंजतं. मी पान्यांना कदी टोपी घातली का?

मी त्याला विचारलं, ओल कुठे आहे? तीन वर्षं झाली, ओल पाहिलीस का कुठे? तो पाना उचलून कामाला लागला. दुष्काळाचा असाही फायदा असतो, फक्त विचार करणारा माणूस पाहिजे.

११ एप्रिल, सोमवार

कापडाचा प्रश्न सोडवला. गेल्या पोळ्याला बैलांसाठी लाल झूल घेतली होती, ती काढली. वच्छलाबाई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, झूल पोळ्याची हाय. मी म्हणालो, पोळ्याला अजून पाच महिने आहेत. ती म्हणाली, झूल राहील वो, बैलं राहतेल का? अर्ज दिला का तुमी?

अर्ज प्रोसेसमध्ये आहे, असं सांगितलं.

झूल इसाकच्या आईकडे, कमरजहाँकडे दिली. आसपासच्या दहा गावांच्या झुली तीच शिवते. तिनं काठीचं डोकं हातात धरून पाहिलं आणि विचारलं, अण्णा, ये जनावर कौनसा?

१३ एप्रिल, बुधवार

वच्छलाबाई सकाळच्या एस.टी.नं बीडला गेली. बँकेत काहीतरी काम म्हणे. भाकरी झाकून ठेवली होती.

संस्थेचा शिक्का जागेवर नाही. रामकिसनचा निष्काळजीपणा. मीटिंगमध्ये विषय घेणे.

संध्याकाळी शिक्का जागेवर होता. रामकिसनला तरीही बोललो.

१६ एप्रिल, शनिवार

खोळी आल्या. दृष्ट लागावी अशा. लाल कापड, प्रत्येकीवर पिवळ्या दोऱ्यानं नंबर, तोंडाशी नाडी, नाडीला गोंडा, गोंड्यात दोन-दोन घुंगरं. घुंगरं सांगितली नव्हती. पण कमरजहाँ म्हणाली, बिगर घुंगराची झूल मी शिवतच न्हाई. नाडीची गाठही झुलीचीच मारून दिली, बैल अंग झाडतो तरी सुटत नाही ती. मापं दुप्पट मोठी झाली आहेत. ती म्हणाली, वाढत्या अंगाला थोडं सैल असू द्यावं. लोखंड वाढत नाही हे मी तिला सांगितलं नाही. तिचा उत्साह कशाला मोडा.

वच्छलाबाईनं बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, बरी दिसायलेत, बारशाला निघाल्यासारखी.

२० एप्रिल, बुधवार

अर्ज चुरगळू नये म्हणून घडी करून सात नंबरच्या खोळीत ठेवला. योजना अशी: सातव्या भोकापर्यंत साहेब खुशीत येतील. मी सहज सात नंबर काढीन. अर्ज आपोआप बाहेर येईल. साहेब म्हणतील, अरे, हे काय? पुढचं तेच करतील.

यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. रामकिसनला हे जन्मात सुचलं नसतं.

सराव नाही. खोळी मळतील.

२७ एप्रिल, बुधवार, संध्याकाळी ४. साडूंच्या घरी, पुणे

सविस्तर लिहिणे भाग आहे.

६.५० ला क्लबात पोचलो. जिकडे बघावं तिकडे हिरवं. गवतावर पाण्याचे फवारे चालू होते. चोवीस मोजले, मग मोजणं सोडलं. आमच्या धरणात नाही एवढं पाणी गवताला चाललं होतं आणि गवत कुणी खाणारही नव्हतं. मी तिथेच थांबून फवाऱ्यांकडे बघत राहिलो. साडूंना वाटलं मी घाबरलो. मी घाबरलेलो नव्हतो.

बॅग उचलायला एक म्हातारा दिला, आप्पा. आमच्याच बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा निघाला. बॅग उचलताच चौदा घुंगरं वाजली. तो म्हणाला, मालक, लोखंडाला कावून कपडे घातलेत? मी त्याला थोडक्यात तीन मुद्दे सांगितले. त्यानं मान हलवली आणि बॅग गवतावर आडवी ठेवली. ओल्या गवतावर. हा त्याचा दोष.

साहेब सज्जन माणूस. पांढरी टोपी, पांढरे बूट. खोळींकडे बराच वेळ बघून म्हणाले, वीस वर्षं खेळतोय, असं पहिल्यांदाच पाहतोय. मी थँक्यू म्हणालो.

पुढे थोड्या अडचणी आल्या. तीन नंबरची गाठ सोडायला चार मिनिटं लागली. पाच नंबरला सहा. ओलीनं नाड्या फुगल्या होत्या. मागची मंडळी खोळंबली, त्यांनी हाका मारायला सुरुवात केली, मग आम्हाला ओलांडून पुढे गेली. चौथ्या भोकाशी साहेबांनी श्वास रोखून काठी उचलली आणि त्याच वेळी वारा आला. घुंगरं वाजली. साहेबांचा चेंडू झाडीत गेला. ते चेंडू शोधायला गेले. वाऱ्याला कोण काय बोलणार.

सातवं भोक. सात नंबर हातात घेतली. गाठ सुटेना. नखांनी, मग दातांनी ओढली. साहेब घड्याळ बघायला लागले. आता प्रसंगावधान महत्त्वाचं, म्हणून मी खोळीसकट फटका मारला. चेंडू जागेवर राहिला. गवताचा एक मोठा तुकडा आणि एक घुंगरू पुढे गेलं.

शेवटी आप्पानं कोपरीच्या खिशातून अडकित्ता काढला आणि नाडी कापली. अर्ज बाहेर आला. ओला झालेला, झुलीचा लाल रंग त्यावर उतरलेला, शाई पसरलेली. तरी साहेबांनी चष्मा लावून नीट वाचला. मग म्हणाले, मी ३१ जानेवारीला रिटायर झालो, म्हणून तर बुधवारी खेळतोय. आणि म्हणाले, याला कुणाची शिफारस लागत नाही. हा साधा अर्ज आहे, तहसीलला द्यायचा असतो.

परत येताना आप्पानं विचारलं, तिकडं छावणी पडली का मालक? लवकर पाडा म्हणाला. आमच्याकडं उशिरा पडली. तवर माझी बैलं गेलती. घरी काय करू बसून, म्हणून हितं आलो, लोकांच्या काठ्या उचलतो.

अडकित्त्यानं सुपारी कातरून अर्धी मला दिली. मला लाज वाटली. फार वाटली.

(वरच्या दोन ओळी नंतर खोडणे.)

२८ एप्रिल, गुरुवार

दिवसभर एस.टी.त. घरी येऊन खोळी सोडल्या. उरलेल्या नाड्या विळीवर कापाव्या लागल्या. पाच-सहा काठ्यांवर तांबूस डाग आहेत. इसाकच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं म्हणणारे म्हणू शकतात. माझा मुद्दा आमच्या भागापुरता होता आणि आमच्या भागापुरता तो आजही बरोबर आहे.

नवा अर्ज स्वतः लिहिला. वच्छलाबाईनं विचारलं, काय लिहायलेत? पत्रव्यवहार, असं सांगितलं. तिनं ताट वाढलं.

२९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दहाला तहसीलच्या दारात. माझ्या आधी फक्त झाडूवाला. अर्ज नाही घेतला तर एकशे ऐंशी जनावरांच्या धन्यांना काय तोंड दाखवणार, हाच विचार. हे कुणाला सांगायचं नाही.

क्लार्कनं रजिस्टर पाहिलं आणि म्हणाला, तुमच्या संस्थेचा अर्ज कवाच आलाय, तेरा तारखेला. एका संस्थेचा एकच घेतो आमी. त्यानं कागद फिरवून दाखवला. रामकिसनचं अक्षर. संस्थेचा शिक्का, सरळ. खाली सही: सौ. वच्छलाबाई, व्हाइस चेअरमन. एकेक अक्षर जोडून, सावकाश केलेली. मंजुरीही लागली होती.

बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसलो. रसवंती बंद होती, ऊस नाही. तरी तासभर बसलो. जीव भांड्यात पडला आणि तोंडात मारल्यासारखंही झालं, दोन्ही एकदमच.

घरी येऊन म्हणालो, मंजुरी आणली. ती म्हणाली, बरं झालं.

९ मे, सोमवार, अक्षय तृतीया

छावणी सुरू झाली. संस्थेच्या मागच्या पडीक रानात. नारळ वच्छलाबाईनं फोडला. मी टाळ्या वाजवल्या. बोर्डावर तिचं नाव वर आहे, माझं खाली. पेंटरची जागेची अडचण असेल.

आमची दोन्ही बैलं पाचव्या दावणीला. उसाचं वाढं खात होती. मी जवळ गेलो तर वर पाहिलं नाही.

खुंटे कमी पडले होते. वच्छलाबाईनं कुणाला न विचारता माझ्या सातही काठ्या इसाककडून जमिनीत ठोकून घेतल्या. इसाक म्हणाला, चेअरमनसाब, लई मजबूत माल हाय, हे खरं काम हाय त्याचं. गंजाविषयी एक शब्दही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

प्रत्येक खुंट्याला एक लहान वासरू. चाऱ्याविना वासरांना माती चाटायची सवय लागली आहे, म्हणून तोंडाला मुसकं बांधावं लागतं. कमरजहाँनं खोळींना श्वासाला भोकं पाडली, नव्या नाड्या लावल्या. सातही खोळी सात वासरांना बरोबर बसल्या. वाढत्या अंगाची शिलाई वाया गेली नाही. ती म्हणाली, अण्णा, जनावर पैलेच बता देते तो.

पाजायच्या वेळी मुसकं सोडायचं आणि पाजून झालं की परत बांधायचं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. सात वासरं, म्हणजे दिवसाला चौदा गाठी सोडणे, चौदा बांधणे. हे काम कुणाकडे द्यायचं असा प्रश्न निघाला. वच्छलाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या मालकांना त्या गाठींची सवय हाय.

ठराव एकमतानं मंजूर. मीही हात वर केला.

संध्याकाळी ७. सहा वासरांची मुसकी सुटली. सात नंबरची गाठ सुटत नव्हती. वासरू भुकेनं रडत होतं, घुंगरं वाजत होती, मागे त्याची आई हंबरत होती. रामकिसनच्या घरून अडकित्ता मागवला आहे.