माझ्या मागचा प्लंबर

३ मार्च, सोमवार
ठरलं. सोळा तारखेच्या वॉकला मीही जाणार. अठरा किलोमीटर, समुद्राकडेची पायवाट आणि तीन टेकड्या. बायको वर्षभर दर रविवारी या ग्रुपबरोबर जाते आणि संध्याकाळी लालबुंद होऊन हसत परत येते. एवढं काय झालं विचारलं तर म्हणते, तिथे असायला हवं होतंस. मग आता असतोच. अर्थात मुख्य कारण तिची काळजी. कड्यावरून चालायचं तर शेजारी घरचं माणूस हवं.
उद्यापासून पहाटे पाचला सराव.

४ मार्च, मंगळवार
पाचला उठलो. गार वारा. आजारी पडून सराव करण्यात अर्थ नाही. उद्यापासून.

७ मार्च, शुक्रवार
चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर उभाच असतो. म्हणजे पायांचा सराव बावीस वर्षं चालूच आहे! हे आधी लक्षात यायला हवं होतं. तरी घरात कुठे बसवेना. बॅग भरली. रिकामी केली. पुन्हा भरली.

११ मार्च, मंगळवार
बायको म्हणाली, आधी सहा किलोमीटरचा वॉक करून बघ. मी म्हटलं, तो म्हाताऱ्यांचा. ती म्हणाली, आई जातात त्याला. म्हटलं, तेच सांगतोय.

१५ मार्च, शनिवार
नवे बूट घालून पाहिले. स्वयंपाकघर ते गॅलरी, चाळीस फेऱ्या. उत्तम. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.
संकल्प: अख्खा वॉक बायकोच्या शेजारून. आणि शेवटचा तर मुळीच येणार नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळी ७.१०
एकवीस जण. ग्रुपची प्रमुख एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट. तिने बराच वेळ सूचना दिल्या. मी बुटात मोजा सरळ करत होतो, ऐकल्या नाहीत. सूचना नवशिक्यांसाठी असतात.

८.०५
बायको पुढे गेली. दोनदा थांबली होती माझ्यासाठी. तिसऱ्यांदा मीच हाताने खूण केली, जा तू. सुरुवातीला दम राखून चालायचं ही माझी पद्धत.

९.३०
पहिली टेकडी. माझ्या मागे फक्त एक जण, नारिंगी जाकीटवाला. धंद्याने प्लंबर. अंगाने दांडगा, पण चालण्यात राम नाही. मी थांबलो की तोही थांबतो आणि वाकून लेस सोडून परत बांधतो. आतापर्यंत सहा वेळा. बिचारा. दम लागलेला लपवायच्या असल्या युक्त्या मला बरोबर कळतात.

११.१५
त्याच्यासाठी हळू चालतोय. श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. म्हणाला, बरं काका. चाळिशीचा माणूस मला काका म्हणतो! डोळ्यांचा नंबर तपासायला दुकानात बोलावलंय.

दुपारी १.४०
दुसरी टेकडी. दोन्ही टाचा सोलल्या. पुढची मंडळी तिसऱ्या टेकडीवर मुंग्यांएवढी दिसताहेत. त्यांतली लाल टोपी बायकोची. हसत असेल. इथून ऐकू येत नाही. वाईट वाटलं.
प्लंबरला म्हटलं, तुमच्यासाठी थांबलोय, नाहीतर मी कधीच तिथे असतो. म्हणाला, उपकार झाले, आणि माझी बॅग मागितली. दिली. पाठीवर थोडं वजन असलं की त्याची चालही सुधारेल.

५.२०
पोचलो. बाकीच्यांचा चहा होऊन कपही धुऊन झाले होते. फिजिओबाईंनी प्लंबरला विचारलं, सगळे आले का. तो म्हणाला, हो, हे शेवटचे.
मी हरकत घेतली. शेवटचा हाच आहे, दिवसभर माझ्या मागे होता, सगळ्यांसमोर सांगितलं. मग बाईंनी समजावलं: नारिंगी जाकीट ज्याच्या अंगावर, त्याने शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. कोणी मागे सुटू नये म्हणून. सकाळची पहिलीच सूचना. प्लंबर एरवी हा रस्ता चार तासांत संपवतो.
बायको हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार
दुकान बंद. पाय गरम पाण्याच्या टबात. सकाळपासून हा ग्रुप सोडायचं तीनदा ठरवलं.
बायको शेजारी येऊन बसली. म्हणाली, नारिंगी जाकिटाची पाळी दर वेळी बदलते, पुढच्या वॉकला मी माझं नाव दिलंय. मी म्हटलं, माझी कीव करू नकोस. ती चिडली. म्हणाली, वर्षभराने एकदाचा आलास आणि मी दिवसभर इतरांबरोबर चालले, मला नाही आवडलं.
मी म्हटलं, माझ्या मागे म्हणजे फारच हळू चालावं लागेल तुला.
म्हणाली, ठाऊक आहे.