आखाड्यावरचं मुकं पिल्लू

दादा, आखाड्यावर नवं पिल्लू आलंय आणि तेव्हापासून रोज तुमचा विषय निघतो. तांबूस रंगाचं आहे, एक कान उभा, दुसरा पडलेला. भोकरदनच्या बाजारातून येताना धाकट्यानं पिशवीत घालून आणलं. तुमचा धाकटा लेक आता बाप झाला, पण घाई अजून तीच. आई अजूनही आखाड्यावरच, मोसंबीच्या बागेतल्या या शेतघरातच राहते. बदनापूरला माझ्याकडे आली की दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून दाराशी बसते. हल्ली तिला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणून दिलं, ते तिनं साखरेच्या डब्यामागं अगदी जपून ठेवलंय. बागेत दिवसभर एकटी बाई, म्हणून राखणीला कुत्रं. आणि हे पिल्लू काही केल्या भुंकेना.

धाकटा पहिल्याच दिवशी त्याला वाघ्या म्हणायला निघाला होता. मी अडवलं. कुत्र्याचा स्वभाव कळल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, हा तुमचा नियम. "आधी वाघ्या म्हनायचं अन् मंग भेकड निघालं म्हनून लाथ घालायची, ही कोन्ती रीत?" असं तुम्ही म्हणायचा. म्हणून पिल्लू बिननावाचंच राहिलं. आई त्याला कशी हाक मारते ते पुढं सांगते, आधीच रागावू नका.

मला लहानपणीची एक सकाळ आठवते. कडब्याच्या गंजीखाली तेव्हाचं एक पिल्लू दडलंय आणि मी त्याचा पाय धरून ओढतेय. मागून तुमचा आवाज येतो, "सोड त्याला! पावने आले की तू चुलीमागं जाऊन बसती. तुला वढून काढलं का म्या कधी?" मी रडत बाजूला होते. तुम्ही गंजीकडे पाठ करून बसता, भाकरीचा तुकडा मागं धरून, आणि जणू पिल्लू नाहीच अशा थाटात माझ्याशी पाटाच्या पाण्याचं बोलत राहता. माझं रडं थांबतं, ऊन वर येतं आणि मग ते नाक तुमच्या हाताला लागतं. तेव्हाही तुम्ही वळून बघत नाही. दादा, तुम्ही मला खरंच कधी ओढलं नाही. चुलीमागून मी माझी मी बाहेर आले. आज वर्गात शिकवताना माझा आवाज मैदानापर्यंत जातो. तुम्ही तो ऐकायला हवा होतात.

धाकट्याजवळ मात्र तुमचा हा धीर नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, मिरचीचा ठेचा चारा, कुत्रं तिखट निघतं. त्यानं भाकरीत कालवून चारला. पिल्लू दिवसभर हौदाला चिकटून राहिलं. तिखट तर झालं नाहीच, उलट धाकट्याला पाहिलं की आईच्या लुगड्याआड जाऊ लागलं. शेवटी त्यानं जाहीर केलं, "हे बिलकुल कामाचं न्हाई. रविवारी नेऊन देतो कुनाला तरी, दुसरं आनतो." आईला भुंकणारं कुत्रं हवं, हे काही खोटं नव्हतं.

रविवारी मी धाकट्याच्या गाडीवर मागं बसून गेले. आई ओट्यावर पाठमोरी शेंगा फोडत होती. गाडी फाटकाशी थांबली. पिल्लानं आम्हाला पाहिलं, तोंडातून अक्षर काढलं नाही, सरळ आईकडे पळालं आणि तिचा पदर दातात धरून ओढला. आई वळली. "बघा!" धाकटा चिडून म्हणाला, "भुंकलं का?"

मी जवळ जाऊन तेच आईच्या कानात मोठ्यानं सांगितलं. आई हसायलाच लागली. "भुकून काय करावं त्यानं? मला ऐकू येतंय का? रोज असंच करतंय. दूध उतू चाललं तरी पदर वढतंय. मी भैरी हाये हे त्याला बराबर कळलं, तुमाला न्हाई कळलं." धाकट्यानं पिल्लाला न्यायला आणलेली दोरी खिशातून काढून बांधली आणि तिच्यावरच आईचं लुगडं वाळत घातलं. मग पिल्लाकडे पाठ करून पायरीवर बसला, हातात शेंगा घेऊन. त्याला हे कुणी शिकवलं, मी तर नाही.

आता हाकेचं सांगते. नाव नाही, तर बोलवायचं कसं, म्हणून आई त्याला "आवं" म्हणते. जन्मभर तुमचं नाव न घेता तुम्हाला मारली तीच हाक. "आवं, ऐकलं का, भाकर खाऊन घ्या." पिल्लू शेपटी हलवत येतं आणि तुमच्यासारखंच आधी सगळं हुंगून बघतं. आम्ही पोट धरून हसतो. नवं नाव ठेवायचा विषय आता कुणी काढत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, घडी करून ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं. आईनं "आवं" म्हटलं की पिल्लू तिच्याकडे पळतं, आणि मी आधी दाराकडे बघते.