दुसऱ्या वर्षाचं मला विचारू नकोस

२१ मे
हर्षालीचा बारावीचा निकाल. चौऱ्याऐंशी टक्के. बाबांनी (सासरे) पेढे आणले, भाडेकरूंना वरच्या मजल्यापर्यंत वाटून झाले, अर्ध्या करावे गावाला कळलं. हर्षू माझी नणंद, पण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, त्यामुळे धाकट्या बहिणीसारखीच. या घरात माझ्याशी रोज बोलणारं माणूस तेवढं एकच. माझी लेक ओवी तीन वर्षांची. ती बोलते, ऐकत नाही.

दुपारी सगळे बसलेले असताना हर्षूने सांगून टाकलं. पुण्याला जायचंय. जिऑलॉजी.
बाबा म्हणाले, "म्हंजे काय?"
"खडक, जमीन, दगड. त्याचा अभ्यास."
"दगर शिकाला पुन्याला? आपला डोंगर काय कमी हाय?"
निकेश (नवरा) हसला. मीही हसले, सवयीने. हर्षू नाही हसली.

२२ मे
सकाळी खाडीतली निवट्यांची मासळी साफ करत बसलो होतो, आई (सासूबाई) आणि मी. आईंनी मान वर न करता विषय काढला.
"सुप्रिया, तू ऱ्हायलीस ना वरीसभर होस्टेलान. तूच सांग तिना कसा असतं ते. तुझा आयकंल ती."
मी म्हटलं, हो आई.
काय सांगायचं ते बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

मला इथे अजून सगळे होस्टेलवाली म्हणतात. एक वर्ष. पुण्यात एफवाय बीएस्सी, केमिस्ट्री घ्यायचं होतं पुढे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिघ्याला घरी आले आणि स्थळ आलं. स्वतःची बिल्डिंग, मुलगा नोकरीला, माणसं चांगली. शिक्षण लग्नानंतरही होईल, असं सगळेच म्हणाले. माझे आईपप्पा, इकडची माणसं, निकेशसुद्धा. कोणी खोटं बोलत होतं असं आजही नाही वाटत. नंतर ते बोलणं नुसतं राहून गेलं. लग्न, मग ओवी, मग…

२५ मे
सांगितलं हर्षूला. हॉलमध्येच. आई शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या.
एका खोलीत चौघी. बाथरूमला रांग. मेसची डाळ म्हणजे पिवळं पाणी, मासळीचं तर नावच नको. ताप आला तर उठून स्वतःच डॉक्टरकडे जायचं. पहिला महिना रडण्यात जातो.
हर्षूने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण वहिनी, तुला आवडायचं का तिकडे?"
आईंचे हात थांबले.
मी म्हटलं, "नाही. एवढं नाही."
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. उठून गेली.
जेवताना आईंनी सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात घातला. न मागता. या घरात तो बाबांचा असतो.

२६ मे
सांगितलं त्यातलं एकही खोटं नव्हतं. ताप आला होता, खरंच. पण त्या तापात माझी रूममेट शीतल, लातूरची, दोन दिवस कॉलेज बुडवून उशाशी बसली होती. ते नाही सांगितलं. सुट्टी लागली तेव्हा होस्टेल सोडवत नव्हतं, ते नाही सांगितलं.
आणि हे सगळं आईंसाठी केलं असंही नाही. हर्षू गेली तर संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला मी एकटी. कोणाशी हसायचं? तिने जाऊ नये असं मलाच वाटतंय. हे लिहिलं, बरं वाटत नाहीये. पण आहे ते आहे.

३० मे
ओवीचे सँडल घ्यायचे म्हणून सीवूड्सच्या मॉलला गेलो, हर्षू, मी, ओवी. घराबाहेर बोलायला आम्हाला तेवढीच जागा. फूड कोर्टात कोपऱ्यातलं टेबल मिळालं.
म्हटलं, परवा मी अर्धंच सांगितलं.
"माहितीय," हर्षू म्हणाली. "आई समोर होती. आता उरलेलं सांग."

मग सुटलेच मी. केवढं बोलले. पहिल्या आठवड्यात जी मैत्रीण भेटेल तिलाच चिकटून बसू नकोस, अजून खूप भेटतात. लेक्चर कळलं नाही तर त्याच दिवशी सरांना विचार. मी तीन महिने नुसती मान हलवत बसले, मग टेस्टमध्ये तोंडावर पडले. फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या पोरींना घाबरू नकोस, त्यांनाही अर्धं कळलेलं नसतं, फक्त न कळलेलं त्या इंग्लिशमध्ये सांगतात. (हर्षू इथे जोरात हसली, बाजूचे बघायला लागले.) घरी फोनवर रोज "मस्त चाललंय" म्हणू नकोस. मग एक दिवस खरं सांगायचं असतं तेव्हा जीभच वळत नाही. कोणी पिक्चरला, फिरायला बोलावलं आणि मन नसलं तर सरळ नाही म्हण, कारण देत बसू नकोस.
आणि सुट्टीला घरी येशील तेव्हा पुस्तकं बरोबर आण. सगळी. टेबलावर मांडून ठेव. तुला परत जायचंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. मी नुसती कपड्यांची बॅग घेऊन आले होते.
तिला कळलं.
थोड्या वेळाने म्हणाली, "आणि दुसऱ्या वर्षी काय करायचं?"
"दुसऱ्या वर्षाचं मला विचारू नकोस. मला नाही माहीत."
ओवीने आइस्क्रीम मांडीवर सांडलं. दोघी पुसत बसलो, बरंच झालं.

४ जून
आज फैसला. बाबा, आई, निकेश, हर्षू, सगळे हॉलमध्ये. मी चहा घेऊन आत आले तर आई म्हणाल्या, "हिनाच इचारा. ही ऱ्हाऊन आलीय. ही सांगंल काय ते."
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रे हातातच.
म्हटलं, "जाऊ द्या तिला. जमेल तिला. पहिल्यांदा त्रास होईल, पण जमेल."
आईंच्या तोंडाकडे बघितलंच नाही.
बाबा कप खाली ठेवून म्हणाले, "ठीक हाय. तू सांगतंस तं जाऊ दे. पन उद्या काय वाकरा झाला ना, तं मी तिना नाय इचारनार. तुना इचारीन. चालंल?"
"चालेल बाबा."
दुसरं काय म्हणणार होते.

खोलीत आल्यावर निकेश. "तुला कोणी सांगितलेलं मध्ये पडायला?"
"मलाच विचारलं ना त्यांनी."
"विचारलं म्हणून लगेच सांगायचं? उद्या ती नापास झाली, कुणाच्या नादाला लागली, मग? बाबांना ओळखत नाहीस तू अजून."
ओळखते. निकेश वाईट नाही, तोही घाबरतो बाबांना. पाच वर्षांत हे मात्र शिकले, इथे विचारतात ते आपण "तुम्ही म्हणाल तसं" म्हणावं म्हणून.

५ जून
आई बोलत नाहीत. कामापुरतं, तेही ओवीमार्फत. "आईला सांग, गॅस बंद कर."

गच्चीवर हर्षू आली. मला वाटलं गळ्यात पडेल. तर म्हणते, "मी नाय जात."
"का गं?"
"बाबा काय बोलले ऐकलंस ना? मी तिकडे एक लेक्चर बंक केलं तरी इकडे तुला ऐकून घ्यावं लागणार. तुला गहाण ठेवून मी तिकडे मजा करू? असं नाय जगता येणार मला."
बरोबर होतं तिचं. मी तिच्यासाठी दार उघडायला गेले आणि तिच्याच पायात माझं ओझं बांधून ठेवलं.
मी चिडले, कशावर कोण जाणे. "मी तशीही इथेच आहे, हर्षू. तू गेलीस तरी आणि राहिलीस तरी. तू इथे बसून माझं काय सुटणार आहे?"
रडली. मलाही रडू आलं. खालून भाडेकरू बाई टाकीचं पाणी चालू करा म्हणून ओरडत होती, म्हणून उठावं लागलं.
जिन्यात मागून म्हणाली, "तू दुसरं वर्ष का करत नाहीस? नेरूळला कॉलेज आहे. शेअर रिक्षाने दहा रुपये."
म्हटलं ओवी आहे.
"ओवी याच महिन्यात प्लेग्रुपला जाणारे."
म्हटलं बघू.
"इथे सगळे बघूच म्हणतात," ती म्हणाली.

११ जून
हर्षू जायला तयार. काय बदललं विचारलं तर म्हणाली, "मी नापास झाले तर पहिला फोन बाबांना करणार, तुला नाही." एवढा विचार करून आली होती पोरगी.

धीर करून निकेशला माझं विचारलं. दुसरं वर्ष, इथेच, नेरूळला, दुपारपर्यंत परत येईन. मॅच चालू होती. "हो ना, बघू ना. आधी हर्षूचं मार्गी लागू दे. दोन दोन टेन्शन एकदम नको." नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

२७ जून
ॲडमिशन झालं. होस्टेलही मिळालं. तिला इस्त्री करायला, बटण लावायला, मूगडाळीची खिचडी करायला शिकवतेय. आई लांबून बघतात. आज मध्येच येऊन कुकर हातातून घेतला. "पानी कमी हाय यात," एवढंच. माझ्याकडे बघून. तीन आठवड्यांत पहिलं सरळ वाक्य.

६ जुलै
गेली. गाडीत बाबा, आई, निकेश, हर्षू आणि ऐन वेळी उगवलेले मामा. जागा उरली नाही. मला कोणी येऊ नको म्हणालं नाही, फक्त घरी कोणीतरी हवं, ओवीला गाडी लागते, वगैरे. मीच म्हटलं, जा तुम्ही. पुणे परत एकदा बघायचं होतं. ते कॉलेज बाहेरून तरी.
डबा दिला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. हर्षूने मिठी मारली आणि सोडेचना. मामा हॉर्न वाजवत होते.
गाडी गल्लीतून मागे मागे घेत बाहेर काढावी लागते, त्यामुळे तिचं तोंड बराच वेळ समोरच दिसत होतं.

९ जुलै
घर तेच, माणसं तीच. सकाळपासून मी किती वाक्यं बोलले आठवून बघितली. जेवायला चला. टाकी भरली. ओवी, नको.
फोन रोज येतो तिचा, आईंच्या फोनवर, स्पीकरवर. मस्त चाललंय म्हणते. मला भीती वाटते त्या शब्दाची.

१४ जुलै
दुपारी माझ्या फोनवर आला. किचनमध्ये होते. पलीकडे नुसतं रडणं, पाण्याचा आवाज. बाथरूममधून करत होती.
"वहिनी, मला नाय जमत इथे. एकाही लेक्चरचं काय कळत नाय. रूममधल्या तिघी एकमेकींच्या ओळखीच्या आहेत, माझ्याशी कोणी बोलत नाय. मी येऊ परत? तू सांग. तू ये म्हणालीस तर येते."
मी गॅस बंद केला. ये म्हणाले असते तर परवा संध्याकाळी ती गच्चीवर असती. बाबांनी माझ्यावर टाकलेलं ओझं उतरलं असतं. आईंचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि घरात सगळे परत गोड झाले असते. सगळ्यांच्या सोयीचं होतं. माझ्याही. एवढा मोह मला आजवर कशाचा झाला नव्हता.
ये म्हटलं नाही. राहा असंही म्हणता आलं नाही. "रडून घे आधी," म्हटलं, "मी फोन ठेवत नाही."
ती रडली. मी ऐकत उभी.
मग तिने विचारलं, "तुला पण असं झालेलं?"
"हो."
"मग कधी थांबलं?"
"आठवत नाही गं. पण थांबलं."

मागे वळले तर आई दारात. किती वेळ होत्या कोण जाणे. हात पुढे केला, "दे इकरं." दिला. नाही कसं म्हणणार.
वाटलं आता, उद्या गाडी पाठवते म्हणतील. त्या म्हणाल्या, "जेवलीस कं?" तिकडून काहीतरी आलं. "मंग जेवून घे आधी. काय हाय मेसला?" बराच वेळ ऐकत राहिल्या. शेवटी "बरा" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि बेसिनवर तोंड धुऊन आल्या. पदराने पुसत पुसत विचारलं,
"आनायची कं तिना?"
मला वाटलं स्वतःशीच बोलतायत. पण थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत. उत्तरासाठी.
मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबूया, आई. रविवारी आपण दोघी जाऊन बघून येऊ."

तेवढ्यात हॉलमधून बाबांचा आवाज, "कोनचा फोन व्हता गं?"
आई मोठ्याने म्हणाल्या, "सुप्रियाच्या घरना. दिघ्यावरना." आणि मला डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा.
बाबांनी चहा मागितलाय. आधण ठेवलंय. आई आल्याचा तुकडा ठेचतायत, माझ्याकडे पाठ करून. रविवारचं अजून कोणीच काही बोललेलं नाही.